बाळंतपणाला आलेली आजी आणि फोनमधली बाई

बाळाचा सहावा दिवस, सकाळचे साडेदहा. डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा पलंगाशेजारच्या टेबलावर, त्याला टेकवून फोन उभा केलेला. फोनमध्ये पन्नाशीच्या एक गोऱ्या बाई आणि समोर शर्टाची बटणं सोडून बसलेली माझी लेक. जावई फोनचा कोन नीट करत होते. मी दाराशी उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, हे काय चाललंय! बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसानं डोकावायचं नाही म्हणणारी माणसं आम्ही, आणि इथे चक्क कॅमेरा!

त्या सकाळबद्दल लिहायचं म्हणते, कारण हे सदर दोन्हीकडची माणसं वाचतात. परदेशात बाळंत होणाऱ्या मुलीही वाचतात आणि इकडे देवापुढे दिवा लावून फोनची वाट बघणाऱ्या त्यांच्या आयाही. मला जास्त बोलायचंय ते आयांशी. चूक माझी होती, म्हणून.

अवोन्डेल हे ऑकलंडच्या पश्चिमेकडचं उपनगर. दर रविवारी सकाळी इथल्या रेसकोर्सवर मोठा बाजार भरतो. आल्या आल्या जावयांनी मला तिथं फिरवून आणलं. सामोआ-टोंगाकडच्या बायका अळकुड्यांचे थोरले भाऊ शोभतील असे कंद पिशव्या भरभरून घेत होत्या. ते बघून परकेपणा जरा कमी झाला. घरून मी खाण्याचं काही आणलं नव्हतं. इथं विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते, नाहीतर चारशे डॉलरचा दंड. पण सॅन्ड्रिंगहॅम रोडवरच्या भारतीय दुकानांत डिंक, अळीव, खसखस, बाळंतशेपा सगळं मिळालं. लाडू वळून झाले, शेपा भाजून झाल्या. माझी तयारी पूर्ण होती. फक्त बाळ दूध ओढेना.

म्हणजे तोंड लावायचं, दोन मिनिटं चोखायचं आणि झोपून जायचं. पुन्हा अर्ध्या तासानं रडं. लेकीच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या. बाळाला जवळ घेताना ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. पाचव्या दिवशी मिडवाइफ घरी आली, पिशवीतून वजनकाटा काढून बाळाला तोललं. जन्माला ३ किलो २०० ग्रॅम होतं, ते २ किलो ९०० वर आलेलं. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण दहाव्या हिश्श्याच्या जवळ गेलं की लक्ष घालावं लागतं, असं ती म्हणाली. तिनं पाजून दाखवायला सांगितलं, तर नेमकं तेव्हाच बाळ गाढ झोपलेलं. मग तिनंच स्तनपान सल्लागाराशी व्हिडिओवर बोलायचं सुचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली.

त्या मधल्या रात्री जे झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. पहाटेचे तीन वाजले असतील. बाळ रडून रडून लाल झालेलं. मी म्हटलं, ''तुझ्या अंगावर दूधच नाहीये गं. लेकराला उपाशी मारू नकोस. डब्याचं आणायला सांग त्यांना.'' लेक काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून बाळाला धरून बसून राहिली. जावई उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच पाणी तापवत उभे राहिले. मी माझ्या मते लेकीची काळजीच करत होते.

सकाळी त्या बाईंनी पहिली दहा-पंधरा मिनिटं फक्त प्रश्न विचारले. आपण खोलीत एकट्याच आहोत आणि हे रेकॉर्ड होत नाहीये, हे आधी सांगितलं. तुमच्या खोलीत कोण कोण आहे, आणि त्यांच्यासमोर बोललेलं चालेल का, हेही विचारलं. चोवीस तासांत लंगोट किती वेळा ओला झाला? शीचा रंग काळा आहे की पिवळ्याकडे झुकलाय? किती वेळा पाजता? दुखतं ते सुरुवातीला की शेवटपर्यंत? लेक उत्तरं देत होती, जावई फोनमधली नोंद बघून आकडे सांगत होते. मी तीन बाळंतपणं बघितली, पण ओले लंगोट मोजलेले कधी ऐकले नव्हते. दूध पोटात जातंय की नाही हे कळायची घरच्या घरी दुसरी सोपी खूण नाही, हे मला तिथं कळलं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा तरी ओले हवेत. आमचे चार होते.

मग त्या म्हणाल्या, आता नेहमी पाजता तसं पाजा. फोन आधी बाजूनं, मग खांद्यावरून धरायला लावला, बाळाचं तोंड दिसेल असा. आणि तीन-चार मिनिटं काही न बोलता नुसतं बघत राहिल्या. ही गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. त्या पाच दिवसांत आम्ही सगळ्यांनी लेकीला काही ना काही सांगितलं होतं. इतका वेळ गप्प बसून कुणीच बघितलं नव्हतं.

नंतर त्यांनी मला बोलावलं. ''आजी, तुम्हीही बसा, तुम्हाला दिसेल असं.'' आणि आम्हा तिघांनाही म्हणाल्या, मान पूर्ण उजव्या खांद्याकडे वळवा आणि आवंढा गिळून बघा. आम्ही वळवली. गिळताना घसा अडतो. तुम्हीही करून बघा. आमचं बाळ तसंच पीत होतं, पाठीवर उताणं आणि फक्त मान वळलेली. त्याला नीट गिळताच येत नव्हतं.

मग त्यांनी एकेक सांगितलं. बाळाला कुशीवर घ्या, त्याचं पोट आईच्या पोटाला लागलं पाहिजे. डोकं मागून दाबू नका, हाताचा आधार मानेला आणि खांद्यांना द्या. ज्या बाजूला पाजायचं त्याच्या विरुद्ध हातावर बाळ घ्या. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर येऊ द्या, ओठांसमोर नाही. त्यानं जांभईसारखा मोठा आ केला की बाळाला स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे ओढू नका. हनुवटी आधी टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर उमललेला हवा. भोवतालचा काळा भाग वरून जास्त दिसावा, खालून कमी. नुसतं टोक तोंडात गेलं तर चिरा पडणारच आणि दूधही यायचं नाही. याला त्या 'लॅच' म्हणत होत्या. मला लॅच म्हटलं की दाराची कडी आठवते. लेकीनं मला मराठीत सांगितलं, ''आई, पकड गं, पकड.''

दोनदा फसलं. तिसऱ्यांदा बाळानं असा काही आ केला की मलाच हसू आलं. लेकीचे खांदे खाली आले. बाई म्हणाल्या, आता गिळण्याचा आवाज ऐकायचाय, पण फोनवर मला तो नीट येत नाही. आजी, तुम्ही कान जवळ न्या. मी वाकले. दोन-तीन वेळा ओढ, मग बारीकसा 'क्क'. पुन्हा ओढ, पुन्हा 'क्क'. मी बोटं वर करून मोजत होते आणि त्या तिकडे मान हलवत होत्या.

माझं मत बनलं ते इथं. त्या बाईंची नजर शिकलेली होती, पण खोलीत त्यांचे हात नव्हते, कान नव्हते. ते आमच्याकडे होते. जावयांनी फोन धरला नसता, मी कान लावला नसता, तर अर्धं काम झालंच नसतं. परदेशातल्या बऱ्याच मुली असा सल्ला घेताना आईला किंवा सासूबाईंना खोलीबाहेर पाठवतात, असं लेकीच्या मैत्रिणींकडून ऐकलं. का पाठवतात तेही कळतं. आम्ही मधे मधे बोलतो. पण बाहेर पाठवलेली आजी अर्ध्या तासानं आत येऊन पुन्हा तेच म्हणते, ''दूध कमी आहे.'' सल्लागार बाई आठवड्यात एकदा भेटणार आणि आजी दिवसातून चाळीस वेळा. मग टिकणार कुणाचं? म्हणून आजीला त्या फोनसमोर बसवा. तिला दिसू दे.

आणि जी आजी येऊच शकत नाही तिचं काय? १९ मार्च २०२०ला न्यूझीलंडनं सीमा बंद केल्या, त्या पूर्ण उघडायला ३१ जुलै २०२२ उजाडलं. त्या काळात इथं बाळंत झालेल्या कितीतरी मराठी मुलींच्या आया तिकडे तिकिटं धरून बसून राहिल्या. आताही व्हिसा, घरातलं आजारपण, पैसे, काहीतरी आडवं येतंच. त्यांनाही त्याच कॉलवर घेता येतं, आधी सांगून, सल्लागारांची परवानगी घेऊन. वेळेचंही गणित जमतं. इथल्या हिवाळ्यात भारताचं घड्याळ साडेसहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेसात. म्हणजे अवोन्डेलमध्ये रात्री दोनला बाळ उठतं तेव्हा कराडात संध्याकाळचे साडेसहा-साडेसात झालेले असतात, सांजवात नुकतीच लागलेली. ऑकलंडमधली मुलगी सगळं घर झोपलेलं असताना एकटी जागी असते, आणि आई तिकडे जागीच असते. त्या वेळी आईनं फोनवर असावं. ''काय खाल्लंस'' नंतर विचारावं, आधी ''लंगोट किती ओले झाले'' ते विचारावं.

अळीव-मेथीबद्दल मी त्यांना विचारलंच. त्यांनी नावं ठेवली नाहीत. आईनं पोटभर चांगलं खावं, पण दूध वाढतं ते मुख्यतः स्तन रिकामे होण्यानं, असं म्हणाल्या. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा. रात्रीचं पाजणं टाळायचं नाही. मला विहीर आठवली. उपसली की झरे मोकळे होतात, तशीच राहिली की बुजतात. लेकीला म्हटलं, ''लाडू खा, पण उपसाही हवा.'' ती दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलली.

माझी एक वस्तू मात्र त्यांना फार आवडली, चांदीचं बोंडलं. चिरा बऱ्या होईपर्यंत हातानं दूध काढून वाटी-चमच्यानं पाजा म्हणाल्या, तेव्हा मी ते आतून आणून दाखवलं. त्यांनी कॅमेऱ्याजवळ धरायला लावलं, चोच बघितली. दक्षिणेत याला पालाडाई म्हणतात, आणि आपल्याकडे कमी वजनाच्या बाळांना पाजायला ते हॉस्पिटलांतही वापरतात. ''प्रत्येक वेळी उकळून घ्या,'' एवढंच त्यांनी बजावलं. गुटीला मात्र स्पष्ट नाही म्हणाल्या. मधाला तर एक वर्षापर्यंत हातही लावायचा नाही. माझ्या आईनं आम्हा सगळ्या भावंडांना मध चाटवला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

फोन बंद झाल्यावर मी बाल्कनीत जाऊन बसले. १९८९ साली कराडला हीच लेक झाली तेव्हा तिसऱ्या आठवड्यात मला सांगण्यात आलं होतं, तुला दूध नाही. सासूबाईंनी सांगितलं, नर्सिंग होममध्ये डॉक्टरांनी मान डोलावली, आणि डबा आला. डब्यासोबत दूध आटत गेलं आणि सगळ्यांचं म्हणणं खरं ठरलं. पस्तीस वर्षं मी तेच धरून चालले, आपल्यात काहीतरी कमी होतं म्हणून. बाळाची मान कशी होती, ते ओढत कसं होतं, हे कुणी बघितलं होतं का? मला आठवत नाही. बहुधा नाहीच. आणि आदल्या रात्री मी लेकीला जे वाक्य बोलले, ते शब्दाला शब्द सासूबाईंचं होतं.

डब्याचं दूध म्हणजे विष नव्हे. त्यावर वाढलेली ही मुलगी इंजिनिअर झाली, आता आई झाली. काही बाळांना ते लागतंच, आणि त्यांच्या आयांना कुणी अपराधी वाटायला लावू नये. पण नीट न बघताच निकाल देणं वेगळं.

आपल्याकडे तेव्हा काहीच नव्हतं असंही नाही. त्याच १९८९ साली मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. १९९१ला वर्ध्यात स्तनपानासाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था, बीपीएनआय, उभी राहिली. १९९२ला तान्ह्यांच्या डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आला. ते आमच्या नर्सिंग होमपर्यंत पोचलं नव्हतं, इतकंच. अजूनही सगळीकडे पोचलंय असं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण पहिल्या तासात अंगावर पाजलेली मुलं ४१.८ टक्केच. आणि आम्ही आया म्हणतो, ''त्यात शिकवायचंय काय? निसर्गच आहे तो!''

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर आजी बाटली का म्हणाल. तज्ज्ञ म्हणतील तेच खरं, असंही मला वाटत नाही. इथं घरोघरी ज्या संस्थेचं नाव घेतात ती प्लंकेट, डॉ. ट्रूबी किंग यांनी १९०७ साली डनिडिनमध्ये सुरू केली. हे डॉक्टर स्तनपानाचे मोठे पुरस्कर्ते, पण पाजायचं ते घड्याळ लावून, चार-चार तासांनी, आणि रात्री पाजायचं नाही, अशी त्यांची शिस्त. न्यूझीलंडमधल्या कितीतरी आयांनी दाराबाहेर उभं राहून रडणाऱ्या बाळाचं घड्याळ बघितलं असेल! आज तीच प्लंकेट बाळ मागेल तेव्हा पाजा म्हणते. तिची चोवीस तासांची मोफत फोनसेवा आहे, आणि तिथून स्तनपान सल्लागाराशी व्हिडिओवर भेटही ठरवता येते. म्हणजे शास्त्रही शिकत शिकतच पुढं येतं. आजीनंही शिकावं.

व्हिडिओच्या मर्यादाही आम्ही बघितल्या. फोनला बाळ तोलता येत नाही. जिभेखालचा पडदा आखूड आहे का, ते त्यांना कॅमेऱ्यातून खात्रीनं सांगता येईना. ते मिडवाइफकडून बघून घ्या, असं त्यांनीच सांगितलं. बाळ पाजायलासुद्धा उठत नसेल, लंगोट कोरडे राहत असतील, अंग-डोळे पिवळे दिसत असतील, तर व्हिडिओची वाट न बघता सरळ दवाखाना गाठायचा, हेही दोनदा बजावलं. ज्या देशात मिडवाइफ घरी येऊन वजन करते तिथं व्हिडिओचा सल्ला उत्तम. जिथं घरी कुणीच येत नाही तिथं नुसत्या व्हिडिओवर मी माझं नातवंड सोपवणार नाही. आणि इन्स्टाग्रामवर रीळ टाकणारी प्रत्येक बाई सल्लागार नसते. आयबीसीएलसी ही आंतरराष्ट्रीय पात्रता मिळवलेली आहे का, हे विचारायला लाजू नये.

इथल्या पात्रतेचंही मुलींनी आधीच बघून ठेवावं. दोन वर्षं किंवा जास्त मुदतीचा वर्क व्हिसा असेल तर बाळंतपणाची सेवा सरकारी खर्चानं मिळते. कमी मुदतीवर आलेल्यांनी सातव्या महिन्यात धावाधाव करण्यापेक्षा दिवस राहिले की लगेच चौकशी करावी. इंग्रजीत अवघड वाटतं त्यांच्यासाठी मराठीतही सोय आहे. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले, बाळाला धरावं कसं आणि पकड कशी असावी हे दाखवणारे व्हिडिओ मराठीतही आहेत. लेकीनं ते मला लावून दिले. मी वहीत टिपणं काढली, जुनी सवय! हे बाळंतपणाआधी आजी आणि बाबा दोघांनी बघावेत. बाळ झाल्यावर कुणाला वेळ असतो?

जावयांबद्दल एक वाक्य लिहायलाच हवं. माझ्या वेळी 'हे' पाचवीला आले आणि लांबून बाळ बघून गेले. इथे त्या माणसानं फोन धरला, लंगोट मोजले, बोंडलं उकळलं. त्या सकाळी मला त्यांच्या असण्याची लाज वाटली होती. नंतर माझ्या लाजेची वाटली.

आठव्या दिवशी वजन ऐंशी ग्रॅमनं वाढलं. चौदाव्या दिवशी काटा ३ किलो १८० वर थांबला. जन्माच्या वजनाला वीस ग्रॅम कमी, पण मिडवाइफ हसली. चिरा भरायला आणखी आठवडा गेला. मधे दोन रात्री वाईटही गेल्या. एकदा लेकच म्हणाली, ''आई, आणू या का डबा?'' मी म्हटलं, ''तुला हवा असेल तर आणू. आधी बाईंना विचारू या.'' पुन्हा व्हिडिओ झाला, तेव्हा मी खुर्ची ओढून आधीच बसले होते.

परवा जाऊबाईंच्या सुनेचा कॅनडाहून फोन आला. बाळ नऊ दिवसांचं, तिच्या आईचा व्हिसा अडकलेला. रडतच म्हणाली, ''काकू, दूध पुरत नाहीये.'' मी म्हटलं, ''रडू नकोस. लंगोट किती ओले झाले ते सांग. आणि फोन जरा खाली धर, हनुवटी दिसू दे.'' बाळ उताणंच होतं. मी तिला मान वळवून आवंढा गिळायला सांगितलं. मग म्हटलं, ''मी काही डॉक्टर नाही. सकाळी उठल्याबरोबर वजन करून घे आणि तिथल्या बाईंची वेळ घे. तुझ्या आईला लिंक पाठव. मलाही पाठव.''